दीड मीटर आणि पाऊण मिनिट: कोकणातल्या अरुंद रस्त्यावर गाडीवाला सायकलवाल्यावर का चिडतो?

गेल्या श्रावणातली सकाळ. आचऱ्याहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणाशी सायकल लावून मी सर ओसरायची वाट बघत होते. समोरून आमचे पाववाले काका येत होते. कॅरियरवर निळ्या ताडपत्रीत बांधलेली पावांची पाटी, हँडलला रबरी भोंगा. त्यांच्या डाव्या हाताला जांभ्याचा गडगा, आणि गडगा व डांबर यांच्यामध्ये गवताने झाकलेला चर. मागे एक मोठी पांढरी गाडी लागलेली. आधी दोनदा हॉर्न वाजला, मग तो दाबूनच धरला गेला. काका सरकत सरकत डांबराच्या शेवटच्या वीतभर पट्टीवर आले. गाडी त्यांच्या कोपराला घासेल इतक्या जवळून गेली, काच अर्धी खाली झाली आणि आतून आवाज आला, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" काकांचा पाय चरात गेला, सायकल गडग्यावर रेलली, ताडपत्रीची दोरी सुटली आणि आठ-दहा पाव तांबड्या चिखलात पडले.

मी धावत गेले. काका पाव उचलत एवढंच म्हणाले, "तेका घाई होती, बाई." मागे वळून पाहिलं तर दोनशे मीटरवरच्या थांब्याला एसटी उभी होती आणि ती पांढरी गाडी तिच्या मागे थांबली होती.

दर सीझनला असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. खाली दोन तट पडतात: एक म्हणतो गाडीवाले माजलेत, दुसरा म्हणतो सायकलवाले रस्ता अडवतात. मी गाडीही चालवते आणि सायकलही. सायकलवाल्याच्या मागे अडकल्यावर कपाळाची शीर तटतटते, हे मला स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे. म्हणून हा विषय संस्कारांवर ढकलून संपत नाही असं मला वाटतं. हे भांडण बरंचसं रस्त्याच्या रुंदीचं आणि आपल्या डोक्यातल्या घड्याळाचं आहे. दोन्ही मोजता येतात. मोजून बघू.

## 'रोड रेज' म्हणजे नेमकं काय?

वाहन चालवताना राग अनावर होऊन दुसऱ्याला धमकावणं, अंगावर गाडी घालणं, शिवीगाळ किंवा मारहाण करणं, याला इंग्रजीत 'रोड रेज' म्हणतात. मी पुढे त्याला रस्त्यावरचा संताप म्हणेन. चूक वेगळी आणि संताप वेगळा. आरशात न बघता वळणं ही चूक. मुद्दाम जवळून गाडी काढून "शिकवणं" हा संताप. सायकलवाल्याला बऱ्याचदा कळत नाही की आत्ता झालं ते यातलं कुठलं, आणि म्हणून तोही प्रत्येक वेळी संतापच समजून उलट ओरडतो.

रागाचं शरीरातलं काम सगळ्यांना ठाऊक आहे: छाती धडधडते, हात घट्ट होतात, नजर एका बिंदूवर खिळते. समोर वाघ असता तर हे सगळं उपयोगी पडलं असतं. स्टीअरिंगवर मात्र नजर खिळणं म्हणजे आजूबाजूचं न दिसणं. आणि एकदा चढलेला हा आवेग लगेच उतरत नाही, प्रसंग संपल्यावरही काही मिनिटं अंगात राहतो. म्हणूनच एकाचा राग पुढच्या वळणावरच्या भलत्याच माणसावर निघतो.

दूध उतू जाताना आपण म्हणतो "एकदम वर आलं". खरं तर ते बराच वेळ तापत असतं, आपलं लक्ष शेवटच्या क्षणी जातं. मुंबईहून कोकणात येणाऱ्या माणसाचं तसंच होतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं चाकरमान्यांनी वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव इथे खड्डे, वळवलेले रस्ते आणि कोंडी सोसली. पहाटे निघालेला माणूस दहा-बारा तासांनी गावच्या रस्त्याला लागतो. पाठ धरलेली, मागे मुलं कंटाळलेली, गणपतीची आरास अजून लावायची बाकी. गॅस पनवेलला पेटलेला असतो, दूध उतू जातं मालवणात. पाववाल्या काकांचा त्यात काहीच संबंध नसतो, ते फक्त समोर असतात.

## काचेआड माणूस दिसेनासा होतो

आठवड्याच्या बाजारात गर्दीत कुणाचा धक्का लागला तर आपण काय करतो? वळून बघतो, "लागलं का हो?" विचारतो. दोन्ही तोंडं समोरासमोर असतात म्हणून हे घडतं. बंद काचेच्या गाडीत बसलेल्याला सायकलवाल्याची फक्त पाठ दिसते. सायकलवाल्याला तर मागचं काहीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं. दोघांमध्ये बोलायला एकच शब्द उरतो, तो म्हणजे हॉर्न. 'मी मागे आहे', 'जरा सांभाळा', 'हो बाजूला', 'अक्कल आहे का', हे सगळं त्या एकाच आवाजात. ऐकणारा त्यातला सर्वांत वाईट अर्थ घेतो. ट्रकच्या मागे लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंद केलं, पण सवय गेली नाही.

याचा उलटा पुरावा बघायचा असेल तर दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत उभं राहा. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग सायकलने करणारे बरेच जण या बोटींतून खाड्या ओलांडतात. त्याच बोटीत गाड्याही असतात. जेटीच्या उतारावर ज्याने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, तोच माणूस बोटीत गाडीतून उतरतो, कठड्याला टेकतो आणि विचारतो, "कुठून आलात? आज किती किलोमीटर झाले? पाय दुखत नाहीत?" दहा मिनिटांपूर्वीचा अडथळा आता माणूस झालेला असतो. मधली काच तेवढी गेलेली असते.

आपल्या मनाची आणखी एक खोड आहे. मी रस्त्यात थांबले तर माझ्याकडे कारण असतं: फोन आला, पत्ता विचारायचा होता. दुसरा थांबला तर तो माजलेला असतो. स्वतःच्या वागण्याला परिस्थिती जबाबदार, दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव. सायकलवाला खड्डा चुकवायला दोन फूट उजवीकडे आला तर मागच्याला खड्डा दिसतच नाही, दिसतं ते फक्त "आडवा आला".

आणि कधी कधी खरंच दिसत नाही. आपली नजर सिनेमाच्या कॅमेऱ्यासारखी सलग फिरत नाही, उड्या मारत फिरते, आणि त्या उडीच्या क्षणी मेंदू चित्र नोंदवत नाही. रुंद गाडी त्यातून निसटत नाही, सायकलची बारीक आकृती निसटू शकते. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब तर अख्खी सायकल झाकतात. त्यात आमचे रस्ते आंब्या-काजूच्या बागांमधून जातात: लख्ख उन्हातून गाडी एकदम दाट सावलीत शिरते आणि डोळे सरावेपर्यंतचे एक-दोन सेकंद पुढचं सगळं काळं. "मी बघितलं, पण मला दिसला नाही" असं सांगणारा चालक नेहमीच खोटं बोलत नसतो. त्यावर उपाय एकच, सावलीत शिरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा.

## टेप घेऊन रस्ता मोजू

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे रस्त्याच्या डांबराची रुंदी साधारण तीन प्रकारांत बसते. एकेरी रस्ता ३.७५ मीटर, मधला ५.५ मीटर, दुपदरी ७ मीटर. वाड्यांकडे जाणारे बहुतेक रस्ते पहिल्या प्रकारचे, गावांना जोडणारे बरेचसे दुसऱ्या.

सायकलवाला डांबराच्या अगदी काठावरून चालू शकत नाही. काठ तुटलेला असतो, त्याखाली साइडपट्टी चार-सहा बोटं खचलेली असते, पावसात तिथे शेवाळ धरतं आणि रान माजून अर्धा हात आत आलेलं असतं. म्हणून काठापासून अर्धा मीटर तरी सोडावा लागतो. स्वतः सायकल हँडल आणि थोड्या डुलण्यासकट पाऊण मीटर खाते. झाले सव्वा मीटर. बाजूने जाणाऱ्या गाडीने किती अंतर ठेवावं? ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ च्या सुधारणेनंतर ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर सांगितलं आहे. जर्मनीत २०२० पासून गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर. आपण दीडच धरू. झाले पावणेतीन. गाडी आरशांसकट जवळपास दोन मीटर. एकूण पावणेपाच मीटर.

आता हा आकडा रस्त्यावर ठेवून बघा.

३.७५ च्या रस्त्यावर हिशोब बसतच नाही. गाडीची उजवी चाकं पार दुसऱ्या काठावर नेली तरी मधे जेमतेम अर्धा मीटर उरतो. तिथे ओव्हरटेक नावाची गोष्टच नाही. रुंद जागा येईपर्यंत मागे राहायचं, किंवा सायकलवाल्याने थांबून वाट द्यायची, एवढंच.

५.५ च्या रस्त्यावर पावणेपाच जाऊन पाऊण मीटर उरतो. तेवढ्यातून समोरची स्कूटरसुद्धा नीट जाणार नाही. म्हणजे समोरून कुणीही येत नसेल तेव्हाच ओव्हरटेक. एसटी तर अडीच मीटर रुंद, तिचा हिशोब आणखी घट्ट.

७ मीटरचा रस्ता ऐसपैस वाटतो. पण तिथेही उरतात सव्वादोन मीटर, आणि समोरून येणारी गाडी दोन मीटरची. दोन गाड्यांच्या आरशांमध्ये वीतभर जागा. ताशी साठच्या वेगात कुणी शहाणा माणूस हे करणार नाही. तरी करायचं म्हटलं तर ती जागा कुठून तरी काढावी लागते, आणि ती नेहमी सायकलवाल्याच्या दीड मीटरातून काढली जाते, कारण समोरची गाडी ठोकली तर आपल्यालाच लागेल. सायकलचा आरसा तुटत नाही, माणसाचा तोल जातो.

आमच्या तीनही प्रकारच्या रस्त्यांवर समोरून गाडी येत असताना सायकलला नीट ओलांडताच येत नाही, हे मला स्वतःला टेप लावेपर्यंत कळलं नव्हतं. काकांनी कितीही अंग चोरलं असतं तरी त्या पांढऱ्या गाडीला तिथे जागा नव्हती.

## "मग हे लोक रस्त्याच्या मधे का येतात?"

गाडीवाल्यांना सर्वांत जास्त झोंबणारी गोष्ट हीच. वळणावर, पुलावर, अरुंद जागी अनुभवी सायकलवाला काठ सोडून मीटरभर आत येतो. मागून बघणाऱ्याला ते मुद्दाम अडवणं वाटतं.

वरचा हिशोब आठवा. तिथे ओव्हरटेक करायचा तर गाडीला समोरची बाजू वापरावीच लागणार, सायकल काठाला असो वा मीटरभर आत. म्हणजे आत आल्याने गाडीवाल्याचं फारसं काही जात नाही. काठाला राहिल्याने मात्र मागच्याला वाटतं की 'बसेल, काढू'. ते अर्धवट वाटणंच घातक. आत येऊन सायकलवाला सांगत असतो की इथे जागा नाही, पुढे देतो. होडी चॅनलमध्ये शिरली की मागची होडी थांबते, तिथे घुसत नाही. खाडीच्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

चढावर आणखी एक अडचण असते. सायकलचा वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर आला की ती डुलते. तोल वेगाने सांभाळला जातो, वेग नसेल तर हँडल डावं-उजवं करून सांभाळावा लागतो. आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात चढणारा सायकलवाला नागमोडी जातो तो यामुळे. घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा तर वाहतुकीचा जुना नियम आहे.

## किती वेळ वाया जातो?

समजा तीनशे मीटर तुम्हाला सायकलच्या मागे राहावं लागलं. सायकल ताशी १५ ने चालली आहे, एरवी तुम्ही ४५ ने गेला असता. सायकलच्या मागे ७२ सेकंद लागतात, एरवी २४ लागले असते. गेले ४८ सेकंद, पाऊण मिनिट. आणि तीनशे मीटर म्हणजे मी बरंच जास्त धरलं, एवढ्या अंतरात बहुतेक ठिकाणी मोकळी जागा मिळते. रेल्वे फाटकापाशी आपण कित्येक मिनिटं इंजिन बंद करून शेंगदाणे खात बसतो आणि रेल्वेला शिव्या देत नाही. सायकलच्या मागचा वेळ लांब वाटतो, कारण समोर 'कारण' दिसत असतं आणि ते हलवता येईल असं वाटत असतं.

## धडक झाली तर दोघांचं सारखंच नुकसान होतं का?

नाही. १२०० किलोची गाडी ताशी ६० ने, आणि माणसासकट ९० किलोची सायकल ताशी १८ ने. दोघांच्या गतीतली ऊर्जा काढली तर गाडीची जवळपास दीडशे पट भरते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणून वेगातला थोडा फरकही मोठा असतो. मेंदूने धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर साठच्या वेगात गाडी तोवर २५ मीटर गेलेली असते. दोन एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर होते जवळजवळ तेवढी लांबी, आणि अजून ब्रेक लागायचाच आहे. ओल्या रस्त्यावर, त्यावर तांबड्या चिखलाचा थर असेल तर, पुढचं अंतर आणखी वाढतं.

२०२२ साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारचा आकडा आहे. सायकलवाल्याची चूक त्याला स्वतःलाच भोवते, गाडीवाल्याची चूक दुसऱ्याला भोवते, म्हणून दोघांच्या चुका मी एका तराजूत घालत नाही.

## "रोड टॅक्स आम्ही भरतो, सायकलवाले कुठे भरतात?"

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो पूर्ण पोकळ नाही. पेट्रोल-डिझेलवरच्या अधिभारातून केंद्राच्या रस्ते निधीत पैसे जातात, हे खरं आहे. पण गावातले रस्ते जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि ग्रामसडक योजनेतून होतात, आणि त्या पैशांत साबणापासून चहापर्यंत सगळ्यांवर सगळ्यांनी भरलेले कर असतात. पाववाले काका ते भरतातच. उलट अंगाने बघा. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज सोळा पट होते. त्या हिशोबाने एक साधी मोटार रस्ता जितका झिजवते तितका झिजवायला सायकलला तीस हजारांहून जास्त फेऱ्या लागतील. चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकचं तर बोलायलाच नको.

## "रात्री दिवा नाही, दिसत नाहीत"

हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. संध्याकाळी सातनंतर आमच्या रस्त्यांवर मिट्ट काळोख असतो, आणि बिनदिव्याची सायकल समोरच्याच्या हेडलाइटच्या झगमगाटात पूर्ण नाहीशी होते. मागचा लाल दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तेही जमत नसेल तर मडगार्डवर लाल परावर्तक पट्टी चिकटवा, चिमूटभर प्रकाशातही ती उजळते. गाडीवाल्यांनीही एक करावं: समोरून सायकल दिसली की डिपर द्यावा. अप्पर लाइटने तिचे डोळे दिपतात आणि तिला चर दिसेनासा होतो.

## "गटाने येतात आणि अख्खा रस्ता अडवतात"

रविवारी वीस-पंचवीसजणांचा जथा आला की मागे रांग लागते, हे मीही पाहिलं आहे. जोडीने चालण्यामागे एक तर्क असतो: रांग आखूड होते, गाडीला ओलांडायला कमी अंतर लागतं. रुंद, रिकाम्या रस्त्यावर तो तर्क खरा आहे. आमच्या साडेपाच मीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर मला तो पटत नाही. इथे पाच-सहाजणांचे गट करावेत, दोन गटांत शंभर-दीडशे मीटर सोडावेत म्हणजे मधे गाडीला परत डावीकडे यायला जागा मिळते, आणि मागे तीन-चार गाड्या साठल्या की पहिल्या रुंद जागी थांबून हाताने वाट द्यावी. महामार्गावर सायकल आणायचीच कशाला, असंही विचारतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, मुंबई-गोवा महामार्गावर ती नाही. शिवाय अनेक गावांना शाळेत किंवा बाजारात जायला तोच एक रस्ता आहे.

## कायदा काय म्हणतो?

'रोड रेज' नावाचा वेगळा गुन्हा आपल्या कायद्यात नाही, पण त्यातली प्रत्येक कृती कशात ना कशात बसते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे: पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार चालवण्यासाठी कलम २८१ आहे, आणि ते सायकलवाल्यालाही लागू होतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत पादचारी, सायकलवाले, लहान मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची खास काळजी घ्या असं चालकांना स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे "रस्ता बापाचा आहे का" याचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे: रस्ता सगळ्यांचा, आणि जास्त काळजी ज्याच्या हातात जास्त वजन आहे त्याने घ्यायची.

क्षणाचा राग किती लांब जातो याचं ठळक उदाहरण म्हणजे नवज्योतसिंग सिद्धू यांचं प्रकरण. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळात गाडीवरून वाद झाला, मारहाणीत एका वृद्धाचा जीव गेला, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली. मधे तेहतीस वर्षांहून जास्त काळ.

## प्रसंग आलाच तर

सायकलवर असाल तर वाद घालायला गाडीशी जाऊ नका. थांबा, सायकल रस्त्याबाहेर घ्या, गाडीचा नंबर मोठ्याने दोनदा म्हणा म्हणजे लक्षात राहतो. धमकी किंवा मारहाण झाली तर ११२, कुणाला लागलं असेल तर १०८. जखमीला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे. हे आमच्याकडे अजून पुष्कळांना माहीत नाही, पोलिसांची भानगड नको म्हणून लोक लांबून बघत राहतात. ठोकून गाडी पळाली आणि सापडली नाही तरी सरकारी योजनेतून भरपाई मागता येते: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार.

गाडीत असाल आणि शीर तटतटायला लागली तर काच खाली करा. मी हे करते. गार वारा येतो, पुढच्या सायकलच्या चेनचा आवाज ऐकू येतो आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. बोलायचं असेल तर हॉर्नऐवजी तोंडाने बोलता येतं, "काका, पुढे जागा मिळाली की द्या हां."

पाववाले काका अजून त्याच रस्त्याने येतात. त्या सकाळनंतर त्यांनी कॅरियरला एक बांबूची काठी आडवी बांधली आहे, उजव्या बाजूला बाहेर आलेली, टोकाला लाल फडकं. मी विचारलं, फरक पडतो का? म्हणाले, "पडता मां. गाडीयेक ओरखडो पडात म्हणान लांबसून जातत." मी टेप आणून मोजली. कॅरियरपासून फडक्यापर्यंत काठी साठ सेंटिमीटर भरली.